सेल्फचा आवाज

किल्ली फिरवूनही इंजिन उठत नाही, तेव्हा पहिली तपासणी कानांनी होते. स्टार्टरला गॅरेजात सेल्फ म्हणतात आणि तो पूर्ण मुका क्वचितच असतो. एकामागून एक टकटक ऐकू आली, तर सेल्फचा विजेचा खटका, म्हणजे सोलेनॉइड, ओढला जातो आणि लगेच सुटतो. म्हणजे बॅटरी बसली आहे, नाहीतर टर्मिनल ढिलं आहे. एकच दणकट ‘टक’ आणि पुढे शांतता असली, की संशय सेल्फच्या झिजलेल्या कार्बन ब्रशवर जातो. घरघर होते पण इंजिन जागचं हलत नाही, तिथे सेल्फच्या गिअरचे, म्हणजे बेंडिक्सचे दात इंजिनच्या फ्लायव्हीलला धरत नाहीत. अजिबात आवाज नाही आणि दिवे मात्र लख्ख, तर किल्लीचा स्विच किंवा सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर पाहावी.

साठच्या दशकात उज्जैनच्या मराठी घरात जन्मलेल्या पिढीला ही विद्या उलट्या बाजूने मिळाली. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा सेल्फ आला, तरी ॲम्बॅसेडर आणि फियाटच्या डिकीत इंजिन हाताने फिरवायचं हँडल असायचंच. मुलांना पहिला धडा अंगठ्याचा: हँडलला अंगठ्याचा विळखा घालायचा नाही, इंजिन उलटं फिरलं तर मनगट मोडतं. दुसरा धडा धक्क्याचा. गोपाळ मंदिराजवळच्या गर्दीत तो जमत नसे, फ्रीगंजच्या मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की गाडी उठे. पण धक्क्याने गाडी चालू झाली म्हणून रोग कळत नाही, एवढंच की इंजिन ठीक आहे. गिअर आपोआप बदलणाऱ्या गाड्यांत तर तो उपायही गेला.

मग मीटर हाती आला. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट असेल तर ती भरलेली, १२.२ला जेमतेम निम्मी. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. तेव्हा दाब साडेनऊच्या खाली कोसळला, तर बॅटरी दमलेली असते किंवा सेल्फ वाजवीपेक्षा जास्त करंट खातो. दाब टिकतो तरीही सेल्फ रडत फिरतो, तेव्हा अर्थिंग पाहावं. बॅटरीचं ऋण टोक आणि इंजिनचा धातू यांच्यामध्ये मीटर लावून सेल्फ मारला आणि अर्धा व्होल्ट दिसला, की अर्थिंगची पट्टी गंजलेली समजावी. शंभर-दीडशे अँपिअर वाहणाऱ्या वाटेवर एवढा गंज पुरे होतो. चांगल्या बॅटऱ्या याच एका पट्टीपायी भंगारात जातात, आणि दुकानदाराला त्यात वाईट वाटण्यासारखं काही नसतं.

माळव्यात आणखी एक फसगत होते. बॅटरी जानेवारीच्या पहाटे दगा देते, म्हणून दोष थंडीला दिला जातो. वास्तविक ती मे महिन्यात मारली गेलेली असते. चाळिशी ओलांडलेल्या उन्हात पाणी उडतं, प्लेटच्या जाळ्या गंजतात. थंडीत तेल घट्ट होतं, सेल्फला जोर जास्त लागतो आणि उन्हाळ्यातली हानी तेव्हा उघड होते. २०२०च्या लॉकडाउनने तिसरी तऱ्हा दाखवली. घड्याळ आणि अलार्म थेंबथेंब वीज पितात, त्यामुळे महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी काहीही न बिघडता मुकी होते.

टर्मिनल काढताना आधी ऋण, लावताना शेवटी ऋण. पांढरी बुरशी कोमट पाणी आणि खायच्या सोड्याने जाते. इंजिन चालू असताना मीटर चौदाच्या आसपास नसेल, तर अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा आधी पाहावा. नाहीतर नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत बसते.