घड्याळ, नकाशा आणि लोणारची वाट

बुलढाण्याहून लोणारला जायचे तर चिखली, मेहकर, सुलतानपूर अशी वाट आहे. नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. शाळेची सहल घेऊन आम्ही या वाटेने कितीतरी वेळा गेलो. दरवेळी तेच. बस सुटायच्या आधी खिडकीसाठी भांडण, चिखली येईपर्यंत निम्मे डबे रिकामे, आणि मग घरून आणलेले मोबाईल बाहेर. रस्त्यात काय लागते ते कोणी पाहत नाही. यंदा जानेवारीत मात्र आठवीचा वर्ग खिडकीला डोळे लावून बसला होता. त्याचे कारण एका मुलीचा प्रश्न.

भूगोलाच्या तासाला नकाशाचे प्रमाण शिकवत होतो. ती म्हणाली, "सर, मोबाईलमध्ये सगळं दिसतं, मग हे कशाला?" प्रश्न योग्यच होता. आम्ही उत्तरादाखल आरोही पंडित यांची हकीकत सांगितली. मुंबईची ही तरुणी १५ ऑक्टोबर २०२१ रोजी भुजहून अहमदाबादमार्गे जुहूला एका छोट्या विमानातून एकटी आली. जीपीएस नाही, ऑटोपायलट नाही. ८९ वर्षांपूर्वी त्याच तारखेला जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले होते, त्याची ती आठवण होती. त्याआधी २०१९ मध्ये तिने अशाच हलक्या विमानाने अटलांटिक महासागर ओलांडला होता.

"मग रस्ता कसा सापडला?" नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ. इतक्या वेगाने, या दिशेने, इतकी मिनिटे गेलो तर आपण कुठे असू, एवढाच हिशेब.

या हिशेबाची जागतिक स्पर्धाही असते हे सांगितल्यावर वर्ग एकदम गप्प झाला. छोटी, बहुतेक दोन-चार आसनांची विमाने. वैमानिक एकटा. उडण्याच्या थोडा वेळ आधी त्याला मार्ग कळतो. तो नकाशावर पट्टीने रेषा आखतो, वाऱ्याचा हिशेब धरतो आणि कोणत्या ठिकाणावर किती वाजून किती मिनिटे, किती सेकंदांनी पोहोचू हे ठरवतो. दोन सेकंदांपर्यंतची चूक माफ. त्यापुढे सेकंदागणिक दंडाचे गुण. वाटेतल्या ठिकाणांचे फोटो हातात दिलेले असतात, त्यातले काही मुद्दाम चुकीचे. खाली पाहून खरे-खोटे ओळखायचे. शेवटी उतरण्याची परीक्षा, तीही चार प्रकारची: एकदा नेहमीसारखे, एकदा इंजिनाचा जोर बंद ठेवून, एकदा इंजिनाचा जोर आणि पंखांच्या झडपा दोन्ही न वापरता, एकदा दोन मीटर उंच अडथळ्यावरून. चाके टेकायची ती धावपट्टीवर आखलेल्या जेमतेम दोन मीटरांच्या पट्ट्यात. या खेळात पोलंडचे वैमानिक वर्षानुवर्षे पुढे आहेत. तिथे ही परंपरा जुनीच आहे. १९३२ आणि १९३४ साली युरोपभर झालेल्या हलक्या विमानांच्या स्पर्धाही पोलिश वैमानिकांनीच जिंकल्या होत्या.

दोन सेकंद म्हणजे किती? ताशी दीडशे किलोमीटरने जाणारे विमान तेवढ्यात ऐंशी मीटरांहून पुढे जाते. आपल्या घरी रमजानमध्ये इफ्तारच्या वेळेला जेवढे डोळे घड्याळावर असतात, तेवढे त्या माणसाचे तासभर असतात.

आमच्याकडे विमान नव्हते, सहलीची एस.टी. होती. तेच करायचे ठरले. आधीच्या रविवारी फज्रनंतर आम्ही मोटारसायकल काढली आणि लोणारपर्यंत जाऊन आलो. प्रत्येक टप्प्याचे अंतर मीटरवर पाहून लिहिले. वाटेत पाण्याच्या टाक्या, पूल, एक वाकलेला लिंब, एका मशिदीचा मिनार असे फोटो काढले. त्यात दोन फोटो भलत्याच रस्त्याचे मिसळले. सहा गट, प्रत्येक गटाला एक घड्याळ, एक नकाशा, फोटोंचा एक कागद. मोबाईल सगळे एका पिशवीत, पिशवी आमच्याजवळ. चालकचाचांना विनंती केली की गावाबाहेर काटा चाळीसवर ठेवा. ते म्हणाले, "चाळीस? सर, बैलगाडी पुढे जाईल." पण मानले. बस थांबली की घड्याळ थांबवायचे, निघाली की सुरू. पहिला टप्पा बुलढाण्याबाहेरच्या एका दगडापासून चिखलीच्या वेशीपर्यंत, आमच्या नोंदीप्रमाणे २१ किलोमीटर. म्हणजे साडेएकतीस मिनिटे.

तीस मिनिटांत चिखली आली.

"चाचा तेज चला रहे," असा ओरडा झाला. चाचांनी मान हलवली. दुसऱ्या टप्प्याला बस निघाली. दोन्हीकडे हरभरा हिरवागार, तुरीची काढणी सुरू. मुले वाकलेला लिंब शोधत होती आणि प्रत्येक लिंब त्यांना वाकलेलाच दिसत होता. लव्हाळ्याच्या फाट्यालाही बस मिनिटभर आधीच पोहोचली. पुन्हा ओरडा.

तेव्हा चौथ्या गटातली तीच मुलगी वही घेऊन पुढे आली. तिने रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड धरले होते. एका दगडापासून पाचव्या दगडापर्यंत साडेसात मिनिटे. म्हणजे किलोमीटरला दीड मिनिट. म्हणजे ताशी बरोबर चाळीस. "सर, चाचा बरोबर आहेत. तुमचं अंतर चुकलंय. वीस किलोमीटरमागे एक किलोमीटर जास्त लिहिलंय."

आम्ही वहीत पाहिले, पुन्हा पाहिले. चूक आमचीच होती. सहलीसमोर कबूल करावे लागले, आणि सगळ्या गटांना सुधारलेले आकडे सांगावे लागले. चालकचाचा आरशातून आमच्याकडे पाहून हसत होते.

याच लव्हाळ्यावरून एक रस्ता साखरखेर्ड्याला जातो. १७२४ मध्ये तिथे निजाम-उल-मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या राज्याचा पाया पडला. एरवी आम्ही इथे बस थांबवून दहा मिनिटे इतिहास सांगतो. यंदा कोणी ऐकायला तयार नव्हते, घड्याळ चालू करा म्हणून गलका होता.

मेहकरच्या टप्प्यात मुलांचा एक गट चार सेकंदांच्या फरकाने आला. त्या मुलीचा गट नऊ सेकंदांनी. तिचा चेहरा उतरला. चूक तिने शोधली, फायदा दुसऱ्यांचा झाला. "मी सांगायलाच नको होतं," असे ती मैत्रिणीला म्हणाली, आम्हाला ऐकू येईल अशा बेताने.

लोणारच्या काठावर पोहोचलो तेव्हा जोहरची वेळ होत आली होती. हे विवर आम्ही पुष्कळदा पाहिले आहे, तरी काठावर आले की पाऊल आपोआप थांबते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा वाटोळा खड्डा, दीडशे मीटरच्या आसपास खोल, उतारावर झाडी आणि तळाशी खारे पाणी. बेसॉल्टच्या काळ्या खडकावर उल्का आदळून झालेले असे विवर जगात फार दुर्मीळ. इंग्रजांच्या दप्तरात त्याची नोंद १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या अधिकाऱ्याने केली, असे पुस्तकात असते. पण त्याच्या सव्वादोनशे वर्षे आधी अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने आईन-ए-अकबरीत वऱ्हाडच्या सुभ्याचे वर्णन करताना लोणारबद्दल लिहिले आहे. इथल्या क्षारांपासून काच आणि साबण तयार होतो हेही त्याला ठाऊक होते. म्हणजे इथल्या लोकांना ते त्याच्याही आधीपासून ठाऊक असणार. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झाले होते. पाण्यातला खारेपणा वाढून लाल रंगाचे सूक्ष्मजीव वाढले म्हणून. त्या दिवसांत टाळेबंदी होती, आम्ही घरात बसून फोटोच पाहिले.

डबे उघडण्याआधी नकाशा काठावर पसरला, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. बुलढाणा ते लोणार सरळ रेषेत मोजायला सांगितले. सुमारे ७० किलोमीटर निघाले. आपण वळणांनी नव्वदच्या वर आलो होतो. ताशी दीडशेच्या विमानाला किती वेळ? अठ्ठावीस मिनिटे. आता पश्चिमेकडून ताशी वीस किलोमीटरचा वारा आहे असे धरा, आणि वैमानिकाने तो लक्षात घेतला नाही. अठ्ठावीस मिनिटांनंतर तो कुठे असेल? बरीच खाडाखोड झाली. नऊएक किलोमीटर पूर्वेला. एवढे मोठे विवर, आणि ते उजव्या हाताला कुठेतरी दूर राहून जाईल. खाली नुसती शेते.

"मग तो काय करेल?" एकाने विचारले.

ती मुलगी रुसवा विसरून म्हणाली, "मध्ये मेहकर लागेल ना. पैनगंगा लागेल. नदी नकाशावर आहे तिथे नाही दिसली, तर तिथेच कळेल." हे आम्ही शिकवले नव्हते. स्पर्धेतले वैमानिक हेच करतात. चूक शेवटी मोजत नाहीत, वाटेत मोजतात.

परतीच्या वाटेवर बसमध्ये १९३० ची हकीकत सांगितली. इंग्लंड आणि हिंदुस्थानमधले अंतर एकट्याने उडत पार करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. तिघे निघाले. मनमोहन सिंग, सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर आणि जे. आर. डी. टाटा. इंजिनियर इंग्लंडकडून येत होता, टाटा कराचीहून जात होते. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. इंजिनियर स्पार्क प्लगवाचून अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. तो पुढे गेला आणि बक्षीस त्यालाच मिळाले. पुढे तो भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला.

"म्हणजे टाटा हरले?" तिने विचारले.

"हो, हरले."

ती काही बोलली नाही. खिडकीबाहेर दगड मोजत राहिली.

तिच्या अब्बांचे दुचाकीचे गॅरेज आहे. दोन दिवसांनी आम्ही मोटारसायकल तिथे नेली, मीटर तपासायला. त्यांनी पुढच्या चाकाशी बसून टायरवरचा आकडा वाचला आणि हसले. "सर, टायर बदलताना कंपनीच्या मापापेक्षा लहान टाकलंय कोणीतरी. लहान चाक जास्त फिरणार, मीटर जास्त दाखवणार. तुमची गाडी खोटं बोलत नाही, तिला दिलेलं मापच चुकीचं आहे."

मग पान्याला हात पुसत त्यांनी मुद्द्याचे विचारले. "ती घरी विमान विमान करते. आमच्याने होण्यासारखं आहे का? खरं सांगा, मन राखायला सांगू नका."

आम्ही खरे सांगितले. बारावी विज्ञान, भौतिकशास्त्र आणि गणितासह. सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळू शकतो, अठराव्या वर्षी व्यावसायिक. त्यासाठी २०० तासांचे उड्डाण, डॉक्टरांची कडक तपासणी. आणि खर्च कित्येक लाखांत, गॅरेजच्या कमाईत बसणारा नाही. हैदराबादच्या सय्यदा सलवा फातिमा यांचे नाव सांगितले. त्यांचे वडील बेकरीत काम करत, मदतीचे हात मिळाले आणि त्या वैमानिक झाल्या. उर्दू कथालेखिका हिजाब इम्तियाज अली यांनी तर १९३६ मध्येच विमान चालवण्याचा परवाना घेतला होता, हेही सांगितले. पण अशी नावे दोन-चारच घेता येतात, हे आम्हालाही कळत होते आणि त्यांनाही. शिकवताना आम्ही मुलांना स्वप्ने दाखवतो. त्याचे बिल भरायची वेळ येते तेव्हा आम्ही पुढच्या आठवीला शिकवत असतो. हे मनात आले, बोललो नाही.

त्यांनी बराच वेळ टायर फिरवला. "दहावीपर्यंत गणित चांगलं राहू दे," ते म्हणाले. "अकरावीला सायन्सला घालतो, एवढं माझ्या हातात आहे. पुढचं अल्लाह पाहील. पण विमान तिनं जवळून पाहिलंय कुठं? आम्हीच पाहिलं नाही."

आम्ही अकोल्याजवळच्या शिवणीची धावपट्टी सांगितली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये बांधलेली. शहराच्या पलीकडे, मूर्तिजापूरच्या बाजूला. विमान दिसेलच असे नाही, पण धावपट्टी दिसेल.

"अकोल्याला मी पार्ट आणायला जातोच महिन्यातून एकदा," ते म्हणाले.

मुलगी आत स्टुलावर बसून सगळे ऐकत होती. तिने सहलीचा नकाशा काढला, पट्टी ठेवली. "अब्बा, सरळ रेषेत सत्त्याऐंशी किलोमीटर. पस्तीस मिनिटं."

"बसला तीन तास लागतात," अब्बा म्हणाले. "डबा घेऊन ठेव. आणि आधी सरांचं टायर बदलू दे."