इग्निशन स्विच आणि दुसरी किल्ली

आमच्या बेळगावात जून लागला की गॅरेजवाल्यांची चंगळ असते. यंदा माझाही नंबर लागला. 1992 साली बँकेच्या स्टाफ लोनवर घेतलेली माझी हिरो होंडा अजून चालू आहे. पंधरा वर्षं झाल्यापासून दर पाच वर्षांनी तिला आरटीओत नेऊन रजिस्ट्रेशन वाढवून आणतो. खानापूर तालुक्यात बदली होती तेव्हा जांबोटीच्या वाटेवरची लाल माती तिनं भरपूर खाल्लीय.

रेल्वे गेट पडलं म्हणून गाडी बंद करायला गेलो, तर किल्ली फिरेना. बाहेरही येईना. शेवटी गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडला तेव्हा इंजिन गप्प झालं. किल्ली आत तशीच.

जवळच्या गॅरेजातला पोरगा म्हणाला, "काका, सेटच बदलूया की. हे फोडून काढतो, नवीन बसवतो. अर्ध्या तासाचं काम." त्याच्या दारात दहा गाड्या उभ्या, त्याचं त्याच्या जागी बरोबर होतं. पण कॅश टॅली झाली नाही तर आम्ही आधी व्हाउचर बघायचो, लेजर फाडत नव्हतो. शिवाय स्विच नवा म्हणजे त्याची किल्ली निराळी, पेट्रोल टाकीची निराळी. तशीच किक मारून गाडी घरी आणली.

या स्विचमध्ये दोन भाग असतात. वर कुलूप, खाली वायरींचे पॉइंट. कुलपाच्या नळीत पितळेच्या पातळ पात्या, प्रत्येकीला केसासारखी बारीक स्प्रिंग. बरोबर किल्ली आत गेली की सगळ्या पात्या एका पातळीत येतात आणि नळी फिरते. एखादी जरी चिकटली तरी नळी अडते. आमच्याकडे गाडी धुणाऱ्या मुलानं प्रेमानं त्यात तेल सोडलं होतं. तेल आणि धूळ मिळून जो काळा लगदा होतो, तो डिंकापेक्षा वाईट! स्ट्राँग रूमच्या कुलपांना आम्ही कुणाला तेलाची बाटली लावू देत नव्हतो ते याचसाठी.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. मग इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणला, किल्लीच्या कडेनं आत मारला आणि चहा पिऊन आलो. अशा वेळी पक्कड लावायची नाही. किल्ली आत तुटली की मग फोडण्यावाचून गत्यंतर नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलके ठोके दिले, किल्ली जरा आत दाबून डावी-उजवीकडे हलवत राहिलो. तिसऱ्या खेपेला ती 'ऑफ'ला आली आणि अलगद बाहेर निघाली. आणखी स्प्रे मारला तशी काळी शाईच गळाली. पंक्चरवाल्याकडे हवा मारून घेतली आणि पेन्सिलीचं शिसं ब्लेडनं खरवडून त्याची पूड आत फुंकली. वंगणाला हे शिसं चांगलं, धूळ धरत नाही.

एवढं करूनही चारातून एकदा अडायचंच. किल्ली चाळीशीच्या भिंगाखाली धरली तेव्हा दिसलं, तिचे दातच गोल झालेत. तेहतीस वर्षं झिजली बिचारी.

बँकेत किल्ल्यांचा दुसरा संच सीलबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवायचा आणि ठरावीक मुदतीनं आणून अदलाबदल करायची, असा शिरस्ता होता. संच सारखेच झिजावेत म्हणून. गाडीची दुसरी किल्ली पहिल्या दिवसापासून आमच्या हिच्याकडे. ती स्वतः गाडी चालवत नव्हती, पण मागे बसून अख्खा खानापूर तालुका तिनं बघितला. मी दोन-तीनदा अदलाबदलीसाठी किल्ली मागितली, तर म्हणाली, "तुमची तुमच्याजवळ, माझी माझ्याजवळ. तुम्ही कुठं तरी पाडणार, मग मलाच बोलावणार." तसं तिला बोलवायची वेळ कधी आली नाही. तिला जाऊन चार वर्षं झाली.

तिचा हळदी-कुंकवाच्या सामानाचा पत्र्याचा डबा मी उघडला नव्हता. मुलगी बेंगळुरूहून फोनवर म्हणाली, "बाबा, राहू दे, नवीन सेट बसवून टाका. किंवा आता गाडीच द्या की कुणाला." दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी डबा काढला. पाकिटावर तिच्या अक्षरात "गाडी, दुसरी" एवढंच. आत किल्ली कोरी, धार अजून बोटाला लागत होती.

घातली आणि फिरवली. कुठं अडली नाही.

ती वापरायला मन होईना. खडे बाजारात एका किल्लीवाल्याकडे नेली, तिच्यावरनं एक काढून घेतली. तो म्हणाला, "बरं केलासा ही आणलात. जुनीवरनं काढली असती तर झीज पण तशीच उतरली असती."

आता नवी किल्ली माझ्या जुडग्यात आहे. जुनी खणात टाकलीय. तिची पाकिटात घालून परत डब्यात ठेवली. 2027 मध्ये पुन्हा आरटीओ.