परवान्यावरची दोन नावं

हाउलीजवळच्या रानात १९०४ साली चार मूस सोडले. दोन नर, दोन माद्या, न्यू ब्रन्सविकहून आणलेले. ही गोष्ट तू मला दर हंगामात सांगायचास आणि मी दर हंगामात ती पहिल्यांदा ऐकतोय असं ऐकायचो. आज न्यूफाउंडलंडच्या या बेटावर मूस लाखाच्या घरात आहेत.

पण तू मुळात रानाचा नव्हतास, दर्याचा होतास. बापजाद्यांपासून कॉड मासा धरणारा. २ जुलै १९९२ ला सरकारने कॉडची मासेमारी बंद केली, तीस हजारांच्या आसपास माणसं एका फटक्यात बेकार झाली, त्यांत तू एक. मी मालवणकडचा. रिकाम्या जाळ्यापुढे बसलेला माणूस कसा दिसतो, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. आपली मैत्री तिथेच जुळली असावी. समुद्राने हात आखडला तेव्हा रानाने चूल पेटती ठेवली, असं तू म्हणायचास.

ऑक्टोबरात नर माजावर येतात. उजाडायच्या आधी तळ्याच्या काठाला बसायचं. बर्चच्या सालीचा भोंगा तोंडाला लावून तू मादीची साद घालायचास, लांब, रडवेली, शेवटी खाली उतरणारी. मग डब्याने तळ्यात वरून पाण्याची धार सोडायचास. मादी पाण्यात उभी आहे असं नराला वाटावं म्हणून. त्यानंतर नुसतं थांबणं. थंडीने बोटं बधिर व्हायची. कधीतरी पलीकडच्या झाडीत शिंगं खोडांवर घासल्याचा कोरडा आवाज यायचा, आणि तू माझ्याकडे न बघता एक बोट वर करायचास. ते बोट मला अजून दिसतं.

मारणं सुंदर असतं, असं मी म्हणणार नाही. तूही कधी म्हणाला नाहीस. पण या बेटावरचे लांडगे केव्हाच संपले, आणि मूस फरची कोवळी रोपं वाढूच देत नाहीत. ग्रोस मोर्नच्या राष्ट्रीय उद्यानातसुद्धा २०११ पासून शिकार सुरू करावी लागली, जंगल वाचावं म्हणून. शहरात बसून नाक मुरडणाऱ्यांना मी हे सांगत आलो आहे.

खरं काम गोळीनंतरचं. चारशे-पाचशे किलोंचं धूड, ऊब जायच्या आत सोलायचं, फाडायचं, चार फरे करून दलदलीतून खांद्यावर वाहायचे. वाफाळत्या मांसात कोपरापर्यंत हात घालून तू एक अक्षर न बोलता काम करायचास. खालचा जबडा मात्र सावकाश, जपून काढायचास. मूसला गाईसारखेच वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या दातांवरून अंगठा फिरवून तू जनावराचं वय सांगायचास.

घरी आल्यावर पहिला वाटा शेजारच्या म्हातारीचा. मग ज्यांच्या घरी शिकारीला जाणारं कुणी उरलं नव्हतं, त्यांचा. उरलेलं कांदा आणि खारवलेल्या डुकराच्या चरबीबरोबर काचेच्या बरण्यांत शिजवून ठेवायचं.

फेब्रुवारीत तू गेलास. जमीन इतकी गोठलेली, की तुला लगेच माती देता आली नाही. वहिनींनी तळघरातल्या दोन बरण्या माझ्या हातात ठेवल्या. झाकणांवर तुझ्या ठसठशीत अक्षरात साल लिहिलेलं. एक बरणी मी उघडली, गरम भातावर घेतली, आणि तू असतास तर बटाटा का नाही म्हणून भांडला असतास हे आठवून मला घास गिळता येईना. दुसरी तशीच आहे. ती मी उघडणार नाही.

आपला परवाना जोडीचा होता: दोन नावं, एक जनावर. यंदाच्या अर्जात माझ्या नावाखाली तुझ्या मुलीचं नाव आहे. सोडतीत नंबर लागला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं निघतो आहोत. भोंगा ती वाजवणार आहे.