फोर व्हील ड्राइव्ह घ्यायची, पण कुणाच्या मताने?

गाडी घ्यायची ठरली की घरात रंगावर आठवडाभर आणि हप्त्यावर महिनाभर चर्चा होते. ती गाडी ज्या रस्त्याने जाणार, त्या रस्त्याबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही. पुण्यातल्या एका नोकरदार जोडप्याला हा विचार करावा लागला, कारण रस्ताच आडवा आला होता. त्यांचे गाव राजापूर तालुक्यात. डांबरी सडक संपली की घरापर्यंत दीड किलोमीटर तांबडी माती आणि मध्येच एक उभा चढ. घरात सासूबाई एकट्या. एका जुलैत त्यांना रात्री ताप भरला, तेव्हा मुलाची गाडी त्या चढाच्या पायथ्याशीच रुतून बसली आणि सासूबाईंना खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणले.

पुण्याला परतल्यावर नवऱ्याने जाहीर केले, आता फोर व्हील ड्राइव्हच घ्यायची. कोणती, तेही त्याने मनाशी ठरवून टाकले होते. रस्त्यात उठून दिसणारी थार! सूनबाईंनी मात्र अट घातली. ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत, त्यांना आधी विचारायचे.

पहिला फोन नणंदेला गेला. तिचे यजमान कर्नाटकात मडिकेरीजवळच्या कॉफीच्या मळ्यावर व्यवस्थापक आहेत. त्यांच्याकडे अनेक वर्षे जिप्सी होती. मारुतीने १९८५मध्ये आणलेली ही गाडी लष्करात आणि डोंगराळ भागात खूप चालली. २०१९मध्ये सामान्य ग्राहकांसाठी ती बंद झाली. नणंदेला तिचे कौतुकही आहे आणि रागही. "वहिनी, ती कधी अडकली नाही, पण मागच्या आडव्या बाकावर बसून माझ्या पाठीचा पार खुळखुळा झाला!" आता त्यांच्याकडे त्याच घराण्यातली जिम्नी आहे. जून २०२३मध्ये आलेली, पाच दारांची.

नणंदेने सांगितलेली एक गोष्ट सूनबाईंच्या मनात पक्की बसली. लोक चढ कसा चढायचा ते विचारतात, खरी भीती उतरताना असते. पावसात चिखलाच्या उतारावर घाबरून ब्रेक दाबला की चाके जागच्या जागी थांबतात आणि गाडी घसरत जाते. अशा वेळी दुसरा छोटा दांडा 'फोर लो'मध्ये टाकायचा, पहिला गिअर घालायचा आणि ब्रेकवरचा पाय शक्यतो उचलायचा. मग इंजिनच गाडीला धरून ठेवते व ती बैलगाडीच्या चालीने खाली येते. मात्र कोरड्या डांबरावर चारही चाकांची जोडणी वापरायची नाही. वळताना पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत, पण आतून ती एकमेकांशी बांधलेली असतात. त्यामुळे टायर घासतात आणि गिअरवर नाहक ताण येतो.

दुसरे मत हिमाचलमधल्या कोटखाईचे. सूनबाईंच्या मैत्रिणीच्या भावाची तिथे सफरचंदाची बाग आहे, दारात डिझेलची थार आहे. त्याने सरळच सांगितले की, पेट्या भरून बागेतून वर यायचे तर त्याला डिझेलचा जोरच लागतो, जिम्नी त्याच्या कामाची नाही. पण बर्फाविषयी तो गंभीर झाला. हिवाळ्यात मनालीच्या वर बर्फ पडले की पोलीस बहुधा फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. तेव्हा पर्यटकांना वाटते, आपल्याला आता कशाचे भय? चार चाकांची ताकद गाडी हलवायला उपयोगी पडते, बर्फावर थांबवायला नाही. थांबायचे तर टायर, साखळ्या आणि कमी वेग हेच कामाला येतात. वर्षातून चारही चाके किती दिवस वापरता, असे विचारल्यावर तो म्हणाला, "जेमतेम वीस दिवस. पण त्या वीस दिवसांत दुसऱ्या गाडीने घरी पोहोचताच येत नाही."

तिसरे मत अगदी शेजारचे आणि जरा गमतीचे. सोसायटीतल्या एका गृहस्थांची थार पाहूनच नवऱ्याला तिची भुरळ पडली होती. सूनबाईंनी आत डोकावून पाहिले, तर छोटा दांडाच नाही! जानेवारी २०२३पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही मिळते. किंमत कमी, रुबाब तोच. मालकांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती, कारण गाडी लोणावळ्यापलीकडे क्वचितच जाते. पण त्यांच्या मताचा राजापूरच्या चढाला काय उपयोग? दिसण्यावरून गाडी पसंत करणाऱ्यांची फसगत होते ती अशी.

मग घरची मोजमापे सुरू झाली. घराकडे जाणारी वाट शेवटी दोन गडग्यांमधून जाते. सासूबाईंनी शेजारच्या मुलाकडून ती टेपने मोजून घेतली. साडेसहा फूट भरली. थारची रुंदी १८२० मिलिमीटर, म्हणजे जवळपास सहा फूट, तीही आरसे सोडून. जिम्नी १६४५ मिलिमीटर, सुमारे साडेपाच फूट. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचे तर पुढची सीट सरकवून आत शिरावे लागते. सासूबाईंच्या गुडघ्यांना ते कसे जमणार? पाच दारांची रॉक्स ऑगस्ट २०२४मध्ये आली, ती ऐसपैस आहे. पण लांबी ४४२८ मिलिमीटर, रुंदीही जास्त, आणि फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये.

जिम्नीतही खोटी आहेतच. ती चौघांचीच गाडी आहे. इंजिन १४६२ सीसीचे पेट्रोल, त्यामुळे महामार्गावर ट्रकला ओलांडताना धीर धरावा लागतो. आली तेव्हाच ती पावणेतेरा लाखांपासून पुढे होती, आणि तेवढ्या पैशांत पाच जणांची आरामशीर गाडी मिळते, हे नवऱ्याचे म्हणणे खोटे नव्हते. मागच्या सीटमागे सामानाला जागा फक्त २०८ लिटर. गावाहून परतताना तांदळाचे पोते, नारळ आणि दोन फणस म्हटले की संपलीच! आपल्याकडे हात राखून घेतली गेलेली हीच गाडी २०२५च्या सुरुवातीला जपानमध्ये गेली, तेव्हा चार दिवसांत सुमारे पन्नास हजार मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली.

शेवटी जिम्नीच आली. नवरा आठवडाभर जरा घुश्शात होता, मग स्वतःच सगळ्यांना दांडा कसा टाकायचा ते समजावू लागला. सूनबाईंनी त्याच्याआधी सराव केला होता, एका मोकळ्या मैदानात, भर पावसात.

चारही चाकांची जोडणी महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर थोडा वेळ चालवावी, आतले तेल फिरते राहते, असे नणंदेने बजावले आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुधाच्या हिशेबाखाली आता 'चार चाके' अशी नोंद असते.