सिद्ध झालंय का?

आई शाळेत गणित शिकवायची. २०२२च्या जुलैत तिच्या फोनवर यूपीआय सुरू करून देताना मी म्हणालो, "हे तोडणं अशक्य आहे गं."

"सिद्ध झालंय का?"

नाही झालेलं. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार क्षणात होतो. गुणाकारावरून त्या संख्या शोधायचा झटपट मार्ग कुणाला सापडलेला नाही. आरएसए पद्धत १९७७पासून या भरवशावर उभी आहे. मी विषय बदलला.

ऑफिसात तेव्हा मी 'साइक'चा डेमो करत होतो. क्वांटम कॉम्प्युटरलाही दाद न देणारी पद्धत, अमेरिकेच्या निस्टच्या निवडीत चौथ्या फेरीपर्यंत पोचलेली. महिनाअखेरीस कास्ट्रिक आणि डेक्रू यांचा पेपर आला. साइकची सर्वांत छोटी आवृत्ती साध्या कॉम्प्युटरच्या एका कोअरवर तासाभरात फुटली. क्वांटम वगैरे काही लागलं नाही. किल्ली होती १९९७च्या एका प्रमेयात, सगळ्यांसमोर पडलेली. 'हे सुरक्षित आहे' असं मीटिंगमध्ये मीच छातीठोकपणे सांगितलं होतं. डेमोची ब्रँच गुपचूप डिलीट केली.

आईला मात्र सगळं सांगितलं. वाटलं, घाबरेल.

"आणि त्या आरएसएवर लोक किती वर्षं डोकं आपटतायत?"

"पंचेचाळीस."

"बरं," म्हणाली आणि दूधवाल्या काकांचे पैसे पाठवले.