उलटें अक्षर, सुलटा ठसा

शिक्क्यावर अक्षर उलटें कोरलें तरच तें कागदावर सुलटें उमटतें, हें आम्ही वर्गांत अनेकदां मोठ्या ऐटीनें सांगत आलों आहों. परंतु सांगणें निराळें व हातानें करणें निराळें. हा भेद आम्हांस वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं खोडरबराच्या एका तुकड्यानें शिकविला. त्याची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावी, या हेतूनें हा अल्प लेख लिहीत आहों.

आमचे वडील नगर जिल्ह्यांतील एका खेड्यांत प्राथमिक शिक्षक होते. सन २०२१ मध्यें ते निवर्तले. मागें त्यांनीं धन ठेविलें नाहीं. एकेचाळीस पुस्तकें मात्र ठेविलीं. तीं एखाद्या वाचनालयास द्यावीं असें आमच्या मातोश्रींच्या मनांत आलें, व प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर वडिलांच्या सहीचा ठसा असावा अशी त्यांनीं इच्छा दर्शविली. वडील पुस्तकांवर नांव घालीत नसत. कचेरीच्या कागदांवरील त्यांची सही आंखूड व घाईची असे. पूर्ण नांवाची सुवाच्य सही केवळ एका जुन्या शब्दकोशावर होती, व तीहि बॉलपेननें केलेली. दुकानांतून शिक्का करून आणणें सोपें होतें; पण तो स्वतःच्या हातानें कोरावा अशी आम्हांस हौस वाटली.

आम्हीं सहीची झेरॉक्स प्रत काढली. बाजारांतून मोठे पांढरे खोडरबर व लिनो कोरण्याची लहान कोरणी आणली. रबरावर कार्बन कागद ठेविला, त्यावर ती प्रत ठेविली, आणि टोंकदार पेन्सिलीनें अक्षरें गिरविलीं. रबरावर सही स्वच्छ उमटली. दोन रात्री बसून ती कोरली, शाईच्या गादीवर दाबून कागदावर उठविली, आणि पाहतों तों सर्व नांव उलटें! रबरावर सुलटें होतें, म्हणूनच कागदावर उलटें आलें. देवनागरीची शिरोरेषा उलट्या अक्षरांतहि माथ्यावरच राहते. त्यामुळें कोरतांना अक्षर ओळखीचेंच दिसतें व चूक ध्यानांत येत नाहीं, असें आम्हीं आपलें समाधान करून घेतलें. खरें कारण एवढेंच कीं, जें मुलांना शिकवितों तें आम्ही स्वतः विसरलों होतों.

एका स्नेह्यानें दुसरी युक्ति सुचविली. झेरॉक्स प्रतीवरील काळा रंग म्हणजे शाई नव्हे. ती काजळी मिसळलेली प्लॅस्टिकची बारीक भुकटी असते व उष्णतेनें ती कागदावर चिकटविलेली असते. चेस्टर कार्लसन या अमेरिकन गृहस्थांनीं सन १९३८ मध्यें कोरड्या भुकटीनें पहिली अशी प्रत काढली, तेव्हांपासूनचें हें तत्त्व आहे. ही भुकटी ॲसिटोननें मऊ पडते. म्हणून प्रत रबरावर पालथी घालून, पाठीवरून ॲसिटोनचा बोळा फिरवून दाबल्यास चित्र रबरावर उतरतें, आणि पालथें घातल्यामुळें आपोआप उलटेंहि होतें. ज्या छपाईयंत्रांत पातळ शाई कागदांत मुरते, त्यांच्या प्रतीस मात्र ही युक्ति सहसा लागू पडत नाहीं.

आम्ही उतावीळ झालों. त्याच रात्रीं नखांचा रंग काढण्याच्या औषधाची बाटली घेऊन बसलों. अक्षरें ताडून पाहण्यासाठीं तो शब्दकोश जवळच उघडा ठेविला होता. बोळा भिजविण्यास हात पुढें केला तों कोपराचा धक्का लागून बाटली लवंडली. पानावरील छापील अक्षरें जागच्या जागीं राहिलीं. परंतु बॉलपेनची शाई क्षणांत विरघळली व सहीच्या जागीं एक निळा डाग पसरला. इकडे रबराचाहि पृष्ठभाग चिकट होऊन बसला होता. कारण पुष्कळशीं पांढरीं खोडरबरें खऱ्या रबराचीं नसून प्लॅस्टिकचीं असतात, व ॲसिटोन त्यांस मानवत नाहीं.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. झेरॉक्स प्रत शिल्लक होती हें खरें. पण ज्या कागदावर वडिलांचा हात टेकला होता तो कागद आमच्याच हातानें बिघडला होता. मातोश्रींस सांगण्याचें धैर्य होईना. आठ दिवस शब्दकोश कपाटांत दडवून ठेविला. वर्गांत मुलांना खरें बोलण्याचा उपदेश करतांना त्या आठ दिवसांत आमची जीभ अडखळत असे.

पुढें शाळेंत चित्रकलेच्या तासास डोकावलों असतां आठवींतील एक विद्यार्थिनी खोडरबरावर पान कोरतांना दिसली. तिनें ट्रेसिंग कागदावर मऊ पेन्सिलीनें चित्र काढलें होतें, तो कागद रबरावर पालथा घातला होता, व वरून चमच्याच्या पाठीनें हलकेंच घासलें होतें. पेन्सिलीचें शिसें रबरावर उतरलें होतें. ना औषध, ना वास, ना आगीचें भय. आम्हीं आमची फजिती तिला सांगितली. ती म्हणाली, “सर, कागद पालथा घातला कीं उलटें करायचा विचारच करावा लागत नाहीं. पण घासतांना कागद हलूं द्यायचा नाहीं.”

तिच्याच रीतीनें आम्ही पुन्हां बसलों. कागद चिकटपट्टीनें रबरास बांधला, मधून एक कोपरा उचलून शिसें उतरलें कीं नाहीं तें पाहिलें, आणि कोरण्यापूर्वीं रबर आरशासमोर धरून नांव वाचलें. अक्षरें तशींच ठेवून भोंवतालचा भाग काढावयाचा. पातें रेघेपासून बाहेरच्या बाजूस कलतें ठेवावें, म्हणजे रेघेचें बूड रुंद राहतें व दाबतांना ती मोडत नाहीं. वळणावर हात न फिरवितां रबर फिरवावें. हें सारें त्या मुलीनें शिकविलें. तिसऱ्या दिवशीं ठसा उठला, तो सुलटा.

कपाटांतील शब्दकोश व तो ठसा दोन्ही घेऊन आम्ही मातोश्रींकडे गेलों व घडलें तें सर्व सांगितलें. त्यांनीं डागाळलेलें पान बराच वेळ पाहिलें. कांहीं बोलल्या नाहींत. मग ठसा मागून घेतला, आपल्या हातानें एका कागदावर उठविला व म्हणाल्या, “त्यांचा ल असाच वाकडा असायचा.” थोड्या वेळानें त्यांनीं पहिला ठसा त्या शब्दकोशावरच, डागाच्या खालीं, उठविण्यास सांगितलें. आज एकेचाळीसहि पुस्तकें वाचनालयांत आहेत.

मुद्रणाचा इतिहास पाहिला तर ही उलटापालट जुनीच आहे. खिळा पाडण्यासाठीं पोलादावर अक्षर उलटें कोरीत. त्याचा तांब्यांत ठोकलेला सांचा सुलटा होई. सांच्यांत ओतलेला खिळा पुन्हां उलटा, व कागदावरील छाप सुलटा. मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत थॉमस ग्रॅहॅम यांनीं देवनागरी खिळे सुबक केले. त्याच छापखान्यांत लहानपणीं कामास लागलेल्या जावजी दादाजींनीं पुढें १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. त्या कारागिरांस आमच्यासारखी घाई असती, तर मराठी वाचकांस सुबक पुस्तकें मिळतीं ना.

विद्यार्थी मित्रहो, ठसा अवश्य कोरा. मात्र कोरणी आपल्या बोटांकडे नव्हे, बाहेरच्या दिशेस चालवा. ॲसिटोनच्या वाटेस वडील माणसांवांचून जाऊं नका. आणि मूळ कागद कामाच्या मेजावर कधींहि ठेवूं नका. यदाकदाचित् कांहीं बिघडलेंच, तर तें आठ दिवस कपाटांत दडवूं नका. त्याच दिवशीं घरीं सांगा.