हवेवर उभी असलेली गाडी

आमच्या चंद्रपूरच्या गॅरेज लाईनीत गाड्यांच्या दोनच जाती. एक पाट्यांवरची आणि दुसरी हवेवरची. कंपनी, रंग, किंमत हे सगळं नंतर. मिस्त्री आधी खाली वाकून चाकामागे बघतो. तिथे लोखंडी पाट्यांचा थर दिसला की तो निवांत होतो. काळ्या रबराचा फुगा दिसला की पहिला प्रश्न विचारतो, "हवा किती वेळ टिकते?"

माझे अब्बा पाटेवाले होते. घुग्घुस, बल्लारपूरकडून कोळसा भरून येणाऱ्या ट्रकांचे पाटे रस्त्याच्या खड्ड्यांनी आणि जास्तीच्या मालाने सपाट व्हायचे. अब्बा ते भट्टीत लाल करायचे, घणाने ठोकून कमान चढवायचे, मग पाणी द्यायचे. लोखंडाबद्दल त्यांचं एक मत पक्कं होतं: "लोहा टूटने के पहले बताता है." पाट्याला चीर गेली की तिथे गंजाची बारीक लाल रेघ उमटते. ज्याला ती दिसते त्याची गाडी रस्त्यात बसत नाही. मी बी.एड. करून उर्दू आणि मराठी शिकवायला लागलो, दुकान मागे पडलं. पण ती लाल रेघ शोधायची सवय डोळ्यांना राहिली. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना तिचा फार उपयोग होतो.

हवेच्या गाडीत अशी रेघ नसते. म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

पाट्यांच्या जागी रबराचे फुगे, ज्यांना लाईनीत 'बलून' म्हणतात, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात ग्रेहाउंडच्या लांब पल्ल्याच्या बसगाड्यांनी ती रस्त्यावर रुळवली. आपल्याकडे २००१ मध्ये व्होल्वोच्या बस आल्या आणि प्रवाशांना कळलं की खड्ड्यातूनही पाठ न दुखता जाता येतं. काम असं चालतं: इंजिनवरचा कंप्रेसर हवा दाबतो, ड्रायर तिच्यातलं पाणी काढतो, हवा टाक्यांत साठते. ब्रेकचा वाटा आधी, बलूनचा नंतर. चाकाजवळ एक लेव्हल व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी अॅक्सलला जोडलेली. माणसं चढली, गाडी दबली, की दांडी वर जाते आणि व्हॉल्व्ह बलूनमध्ये हवा सोडतो. माणसं उतरली, गाडी उचलली गेली, की तोच व्हॉल्व्ह जास्तीची हवा बाहेर टाकतो. स्टॉपवर उभ्या बसखालून 'फुस्स' आवाज येतो तो हाच. तो रोग नव्हे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि ताडोबाच्या रस्त्यावर अधूनमधून चाकांवरची घरं दिसू लागली. बसच्या चेसिसवर पलंग, स्वयंपाकघर, न्हाणीघर, एसी, जनरेटर, पाण्याच्या टाक्या. गेल्या हिवाळ्यात असं एक घर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजसमोर येऊन उभं राहिलं. हा मुलगा माझ्याकडे आठवीत होता, नववीत शाळा सुटली. आज लाईनीत त्याला उस्ताद म्हणतात. मीही त्याला तेच म्हणतो, म्हणजे तो लाजतो.

तक्रार साधी होती. रात्री गाडी सरळ उभी केली की सकाळी मागची डावी बाजू बसलेली. आधी दुसऱ्या शहरात त्या बाजूचे बलून नवे टाकून झाले होते. खर्च झाला, गाडी बसतच राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे मोहर्ली गेटची सफारी होती, त्यामुळे मालक घाईत आणि ड्रायव्हर त्याहून घाईत.

उस्तादाने घाई केली नाही. त्याने इंजिन चालवून टाक्या पूर्ण भरल्या, मग बंद केलं. चारही चाकांवर, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजून खडूने भिंतीवर लिहिलं, शेजारी वेळ. दर अर्ध्या तासाने पुन्हा माप. मला ते बघून बरं वाटलं. शाळेत आम्ही ज्याला निरीक्षण नोंदवणं म्हणतो ते हेच, फक्त इथे गुण मिळत नाहीत. तीन कोपरे जागच्या जागी, चौथा हळूहळू खाली. म्हणजे गळती त्या कोपऱ्याच्या व्हॉल्व्हनंतरच्या भागात किंवा खुद्द व्हॉल्व्हमध्ये. टाकीत असती, तर गाडी सुरू असताना कंप्रेसर सतत धावला असता आणि घड्याळाचा काटा खाली आला असता.

इशाच्या नमाजनंतर लाईन शांत झाली. ग्राइंडर बंद, वेल्डिंग बंद. हवेची गळती ऐकायची तर हीच वेळ. तरी आवाज आला नाही. मग साबणपाणी घेतलं. बलूनच्या घड्या, पाईपचे जोड, निप्पल, सगळीकडे ब्रशने लावलं. एकही बुडबुडा नाही. शेवटी त्याने लेव्हल व्हॉल्व्हच्या हवा बाहेर टाकायच्या भोकावर साबणाचा पापुद्रा धरला. एक मिनिट गेलं. पापुद्रा फुगला, फुटला. पुन्हा धरला, पुन्हा फुगला. गाडी आपल्या उंचीवर स्थिर असताना त्या भोकातून काहीच यायला नको. व्हॉल्व्ह आतून बसत नव्हता.

पण तिथेही तो थांबला नाही. "सर, व्हॉल्व्ह का बिगडा?" त्याने मलाच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता टाकीचा ड्रेन उघडला. दुधाळ, तेलकट पाणी धारेने आलं. ड्रायरचं काडतूस कधीचं संपलेलं. ओली, घाण हवा पाईपांतून मागे गेली होती आणि व्हॉल्व्हच्या बारीक रबरावर बसली होती. रोग इंजिनजवळ, लक्षण मागच्या डाव्या चाकाशी आणि इलाज झाला होता निर्दोष बलूनचा. त्यात अशी घरं दिवसेंदिवस एकाच जागी उभी असतात, टाक्या आणि जनरेटरचं वजन कायम अंगावर, आणि आमचा उन्हाळा ४७-४८ अंशांचा. चालत्या बसपेक्षा उभ्या गाडीचं रबर लवकर म्हातारं होतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो.

साबणपाणी लावायला खाली कोणाला तरी जावं लागतं. उस्तादाकडे सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा हाताखाली आहे. ड्रायव्हर म्हणाला, "अरे, गाडी उभी आहे ना, जा पटकन." मुलगा निघालाच होता. उस्तादाने त्याची कॉलर धरून मागे ओढलं आणि आधी चेसिसखाली घोड्या लावल्या, अॅक्सल आणि चेसिसच्या मध्ये लाकडी गुटके सरकवले. मग स्वतः गेला. त्यात पाऊण तास गेला, ड्रायव्हर चिडचिडला.

पाट्यांवरची गाडी उभी असते ती लोखंडावर. हवेवरची गाडी उभी असते ती रबरात कोंडलेल्या दाबावर. पाईप निसटला, बलून फाटला किंवा कोणी दांडीला धक्का लावला, तर काही टनांचं धूड क्षणात वीतभर खाली येतं. खालच्या माणसाला तेवढी वीतच हवी असते. ही सूचना त्या गाडीच्या चेसिसवर चिकटवलेली होती. इंग्रजीत. खाली जाणाऱ्या मुलाला इंग्रजी येत नाही आणि ज्या मालकाला येतं तो कधी खाली जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी उस्तादाला म्हटलं, तू बोल, मी लिहितो. त्याचे नियम मराठीत आणि उर्दूत एका पानावर उतरवले:

गाडी हवेवर उभी असेल तर खाली जायचं नाही.
चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकूड लावा.
चेसिसखाली घोडी, अॅक्सलवर गुटका. जॅक म्हणजे टेका नव्हे.
पाईप खोलण्याआधी गाडी टेक्यावर घ्या आणि बलूनची हवा पूर्ण सोडा.
कोणी खाली असताना इंजिन सुरू करू नका, व्हॉल्व्हची दांडी हलवू नका.

लिहिताना शब्दांवरून आमची हुज्जत झाली. मी 'गळती' लिहिलं, त्याने 'लीक' करायला लावलं. गळती म्हटलं की पोरांना छप्पर आठवतं. 'टेका' मात्र त्याला पटला. उर्दूत त्याच्या जागी 'सहारा' आला. 'सस्पेन्शन' दोन्ही भाषांत गाळलं आणि 'गाडी हवेवर आहे' एवढंच ठेवलं. वीस वर्षांच्या शिकवण्यात सूचनालेखनाचे अनेक नमुने मी फळ्यावर लिहिले. शब्द चुकला तर हाड मोडेल, असा हा पहिलाच.

लोक मला म्हणतात, सर, मुलांना आयटीआयला पाठवा. पाठवतोच. पण डिझेल मेकॅनिकच्या ट्रेडला दहावी लागते आणि आमच्या मोहल्ल्यातली जी मुलं गॅरेजात पोचतात ती आठवी-नववीतच गळालेली असतात. त्यांना जे मिळतं ते उस्तादाच्या तोंडून. उस्ताद चांगला मिळाला तर नशीब, घाईवाला मिळाला तर तेही नशीबच. मुलगा शाळेत टिकावा यासाठी घरोघर जाणं हे माझं काम आहे आणि ते मी सोडलेलं नाही. पण जो गेला, त्याच्या हातात त्याला वाचता येईल असं एक पान देणं हेही शिक्षकाचंच काम आहे, असं मला आता वाटतं.

गडचिरोलीकडे अजून पाट्यांचंच राज्य आहे. सूरजागडचं लोहखनिज वाहणारे ट्रक, आलापल्लीहून भामरागडला जाणारी एसटी, सगळे पाट्यांवर. पण नागपूर-पुण्याच्या ट्रॅव्हल्स आता छोट्या गावांतूनही सुटतात आणि त्यांच्यासोबत बलून तिथल्या गॅरेजांत पोचले आहेत. आमच्या पानाचा फोटो फिरत फिरत तिकडेही गेला. मागच्या आठवड्यात सिरोंच्याकडच्या एका मिस्त्रीचा उस्तादाला फोन आला. त्याच्याकडची पोरं तेलुगू बोलतात, त्यांना मराठी अडखळत येतं. हे तेलुगूत मिळेल का?

मला तेलुगू येत नाही. बल्लारपूरला तेलुगू घरं पुष्कळ आहेत. तिथल्या एका सहकारी शिक्षिकेला पान दिलं आहे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सर, गुटका म्हणजे नेमकं काय?" उद्या त्यांना गॅरेजात घेऊन जातोय.